पासलीचा चिनी जावई

माणसाला वेड कशाचं लागावं याला काही धरबंध नाही. भोरात एकाला कबुतरांचं होतं, एकाला कोर्टकचेरीचं होतं, आणि रखमाजी कुंभाराला लागलं बरणीचं. तीही स्वतःच्या घरातली असती तर ठीक. ही होती वकिलाच्या घरातली.

शरच्चंद्र वकिलांकडे एक जुनी हिरवी चिनी बरणी होती. पोपटी म्हणाल तर तशी नाही, शेवाळी म्हणाल तर तशीही नाही. भाताच्या खाचरात पाणी तुंबलेलं असावं, वर ढग यावा आणि तो रंग तिथंच गोठून राहावा, अशी. वकिलांचे पणजोबा राजापूर बंदरात कारकून होते. एका गलबतावरच्या व्यापाऱ्यानं खूश होऊन ती त्यांना भेट दिली, असं वकील सांगत. त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणत, "भेट कसली? यांच्या घराण्यात वस्तू कशा येतात ते मला विचारा." घराणं एकच, पण इतिहास दोन.

रखमाजी तेव्हा तिशीच्या आतला. अंगानं दांडगा, आणि बोलका इतका की चाक थांबे पण तोंड फिरतच राही. त्याची बायको रतनबाई वेल्ह्याकडची, पासलीची. डोंगरातली माणसं मुळात कमी बोलतात, ही त्यातही कमी. पण बोलली की रखमाजीला ते चार दिवस पुरायचं. घरात आई बाळाबाई आणि धाकटा भाऊ गेनू. संसार चांगला चालला होता. मग ती संक्रांत आली.

रखमाजी सुगडांची पाटी घेऊन वकिलांच्या मागच्या दारी गेला होता. मालिनीबाई आत लोणचं काढत होत्या. पळी बरणीच्या काठाला लागली आणि टण्ण करून आवाज झाला. रखमाजीनं पाटी खाली ठेवली. मातीचं भांडं ठक् म्हणतं, फार चांगलं भाजलं असेल तर ठण् म्हणतं. हे तर देवळातल्या घंटेसारखं बोललं होतं.

"वैनी, त्ये काय मातीचं हाय?"

"चिनी मातीचं आहे."

"माती ती माती. चिनातली आसू दे न्हाईतर नीरेकाठची. येक डाव हातात घिऊ द्या की."

"काही नाही. सोवळ्यातलं लोणचं आहे त्यात. बरणी रिकामी झाल्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही तिला. आमचे हेसुद्धा लांबूनच बघतात."

"रिकामी कवा हुनार?"

"ते खाणाऱ्यावर आहे," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, विषय संपला.

दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. रखमाजीनं लोणचं खायला सुरुवात केली. आज झाकण द्यायला ये, उद्या कुंडी दाखवायला ये, आणि जाताना, "वैनी, जरा लोनचं घाला." मालिनीबाईंनाही गंमत वाटली, त्या पळी काठोकाठ भरून घालू लागल्या. रखमाजीच्या घरी भाकरीबरोबर लिंबाचं लोणचं, भाताबरोबर लिंबाचं लोणचं. सगळ्या घराचे दात आंबले.

समोर साळूबाई राहत होती. भोरात कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घराच्या आधी साळूबाईला कळे. तिनं बघितलं, कुंभाराच्या घरात रोज आंबट जातंय, घरात तरणी सून आहे, मग आणखी पुरावा कशाला? पाणवठ्यावर बातमी फुटली. बाळाबाईला ती सगळ्यांत शेवटी कळली, म्हणून ती आधी चिडली आणि मग हरखली. तिनं सुनेच्या डोक्यावरचा हंडा काढून घेतला, तिच्या भातावर तूप वाढायला लागली. रतनबाईला काही उमगेना, पण तुपाला नको म्हणण्याइतकी ती खुळी नव्हती. पुढं एके दिवशी रखमाजीच बोलून गेला की हे लोणचं बरणीसाठी चाललंय. बाळाबाईनं कपाळावर हात मारला, "मेल्या, माजं मडक्यातलं समदं तूप गेलं की रं!"

शिमग्याला बरणी रिकामी झाली. मालिनीबाईंनी ती धुऊन, वाळवून अंगणात ठेवली आणि म्हणाल्या, "घे बाबा, आता तुझी इच्छा पुरी कर." दुपारभर रखमाजी ती मांडीवर घेऊन बसला. टिचकी मारून बघितली, आत तोंड घालून बघितलं, जिभेनं चाटून बघितली. मातीनं पाणी ओढलं नाही की चव दिली नाही. बुडाला मात्र झिलई नव्हती. तिथं तांबूस, खरखरीत कड होती.

"ते घासून गेलंय," मालिनीबाई म्हणाल्या. "चार पिढ्यांच्या मोलकरणींनी घासलंय." मग नवऱ्याकडं वळून, "बघताय ना? इतकं मांडीवर घेऊन आमचं कुणी कधी कौतुक केलं नाही." वकिलांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

पण वकीलही हळूहळू त्या नादात ओढले गेले. मुंबईच्या स्नेह्याकडून त्यांनी चिनी भांड्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. सुट्टीच्या दिवशी ते ओसरीवर बसून वाचत आणि मराठीत सांगत. रखमाजी पायरीवर बसून ऐके.

"चिनी लोक राख, माती आणि चुनखडी पाण्यात कालवतात आणि भांड्यावर चढवतात. आगीत ते वितळतं आणि त्याची काच होते. तीच झिलई."

"राख वितळती? आमच्या आव्यात तर कवा वितळली न्हाई."

"तुझ्या आव्याला तेवढा जाळ नाही. त्यांची भट्टी डोंगर चढते."

"चढती? पाय हायत व्हय तिला?"

"अरे, उतारावर बांधतात. आडव्या बोगद्यासारखी. खालच्या तोंडाला जाळ, वरच्या तोंडाला धुराडं. जाळ वर ओढला जातो."

रखमाजीचं घर सपाट आळीत. उतार आणायचा कुठून? त्यानं मधली वाट काढली. सोनाराकडं टाकणखार असतो, तो घातला की सोन्याचा डाग लवकर वितळतो, हे त्याला ठाऊक होतं. राखेत टाकणखार मिसळला तर साध्या आव्यातसुद्धा काच होईल. डोकं चांगलं चाललं होतं. नेमकं तिथंच ते थांबवायला हवं होतं.

पुढची संक्रांत तोंडावर आली. आळीची सगळी सुगडं रतनबाईनं एकटीनं थापून, घोटून वाळवली होती. ती पाण्याला गेली असताना रखमाजीनं ती एक एक उचलून त्या राखेच्या काल्यात बुडवली. गेरू देताना कुंभार भांडं अख्खं बुडवतो, आत-बाहेर-बूड सगळं. हात त्याच सवयीनं चालला. यंदा आळीच्या बायकांना चिनी सुगडं द्यायची आणि बायकोला चकित करायचं, असा बेत.

भोगीच्या दिवशी बायका ताटं घेऊन दारात उभ्या आणि रखमाजीनं आवा उघडला. सुगडं चकाकत होती, यात खोटं नाही. पण झिलई वितळून खाली ओघळली होती, आणि बूड तोंडाला, तोंड पोटाला असं प्रत्येक सुगड शेजारच्याला चिकटलं होतं. आव्यातून निघाला तो सगळ्या आळीचा मिळून एकच ढीग, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा.

साळूबाई वाकून बघत म्हणाली, "रखमा, ह्यातलं माजं कंचं रं?"

मालिनीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "राहू दे तसंच. आम्ही आळीपाळीनं घरी ठेवून घेऊ."

सगळे हसले, रतनबाई सोडून. तिनं त्या ढिगाकडं बघितलं, त्यात तिच्या हातचं सगळं काम अडकलेलं होतं. ती आत गेली, गाठोडं बांधून बाहेर आली. "म्या पासलीला चालले. तुमी बरनीसंगं संसार करा." आणि निघाली.

रखमाजीला वाटलं, येईल राग उतरल्यावर. आली नाही. माघ उलटला तरी नाही. मग तो स्वतः निघाला, वेळवंडी नदीच्या खोऱ्यातून वर, खिंड ओलांडून पासलीला. वाटेत तोंड बंद होतं म्हणतात. ते ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मी मानत नाही.

सासरा चिमाजी हाही कुंभारच. माणूस वाईट नव्हता, पण चिकट. सरपणाची काटकी आगीत घालायची तर तिला आधी निरोप द्यायचा. त्यानं जावयाला गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि सरळ विषयाला हात घातला.

"जावईबापू, येक तर पावसाच्या आत चिनी बरनी करून दावा. वाजली पायजे, पानी झिरपाया न्हाई पायजे. मग पोरगी न्या. न्हाई जमलं तर पंच बसवू, काडी मोडू. तुमी मोकळं, पोर मोकळी."

काडीमोड म्हटल्यावर रखमाजीचा चेहरा उतरला. "मामा, म्या बरनीचा नाद सोडतो. आईची आन घिऊन सांगतो."

"नादिष्टाची आन काय कामाची? बरनी दावा."

दारामागून बांगड्या वाजल्या आणि रतनबाईचा आवाज आला. "आबा, त्येंला सांगा, काय करायचं त्ये हितंच करा. माज्या डोळ्यांम्होरं. माज्या मागं काय करत्यात त्ये म्या बघितलंय."

आता पासलीत दुसरं काही नसलं तरी उतार भरपूर. चिमाजीच्या घरामागच्या टेकाडावर रखमाजीनं बोगदा खणायला घेतला. आत दगड रचले, माती लिंपली, वरच्या तोंडाला धुराडं काढलं. वरंधा घाटाखालून मिठाच्या गाड्या येत, त्यांच्याकडून कोकणातली पांढरी माती आणवली. येणारे-जाणारे थांबून बघत. "चिमाजी, जावयाच्या अंगात साळिंदर आलंय का रं?" "न्हाई रं, सासऱ्यानं घरात घेटला न्हाई, म्हनून बीळ करतोय."

त्या दिवसांत खाचरांत राब भाजणं चाललेलं. पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेवर भाताचं रोप करायचं, ही तिकडची रीत. रखमाजी बांधाबांधानं राख मागत फिरला. शेतकरी म्हणाले, "भाकर माग, देतो. राबाची राख कोन देतं का येड्या?" तो हात हलवत परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीशेजारी भाताच्या तुसाची पांढरी राख टोपलंभर ठेवलेली, तीही वस्त्रगाळ केलेली. कुणी ठेवली ते कुणी सांगेना. शेजारच्या सगुणाबाईनं मात्र मला नंतर सांगितलं, त्या आठवड्यात रतनबाईचा पदर पांढरा दिसत होता आणि नवऱ्याशी तिचा अबोला अजून चालूच होता.

पहिल्यांदा भट्टी पेटली. जाळ असा ओढला गेला की रखमाजी नाचला. निवल्यावर उघडली, तर आत बरण्या मधासारख्या पिवळ्या, चकचकीत. त्यानं एक उचलायला हात घातला. हलेना. दुसरी हलेना. सगळ्या खालच्या जमिनीला चिकटून बसलेल्या. काढायला गेलं की बूड जमिनीत आणि धड हातात.

चिमाजीनं आत डोकावून बघितलं. "बरनी झ्याक हाय. आता जमीन उपटा आनि भोरला न्या."

रखमाजी खापऱ्यांत बसून राहिला. रतनबाई भावाच्या लहान मुलाला काखेत घेऊन आली आणि जरा लांब उभी राहिली.

"ती वकिलाची बरनी," तिनं विचारलं, "तिचं बूड कसं हुतं?"

"घासून गेल्यालं. चार पिढ्यांच्या बायांनी घासलंय."

"आनि कड?"

"कड सरळ. गोल. दोऱ्यानं आखल्यावानी."

"अवं, घासून कवा सरळ कड ऱ्हाती का? म्या भांडी घासते. ज्या अंगाला हात जोरात पडतो त्या अंगाला झिजतं, दुसऱ्या अंगाला ऱ्हातं. त्ये घासल्यालं न्हाई. त्येनी भाजायच्या आदी पुसून घेटलंय."

रखमाजी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"काय बघताय? ह्ये लेकरू शी करून आलं की कुठं बसवायच्या आदी आमी काय करतो? पुसतो का न्हाई? मंग बसवतो. चिनी बायांलाबी पोरं हुतच आसतील की."

रखमाजी उठला. अबोला सुटला की नाही ते विचारायचंही त्याला सुचलं नाही. नव्या बरण्या केल्या. झिलई चढवून झाली की रतनबाई ओल्या फडक्यानं प्रत्येकीचं बूड पुसून घेई आणि खाली तुसाची राख पसरे. दोघं एका जागी बसून काम करतायत हे बघून गावातल्या बायकांना टेकाडावर गोवऱ्या थापायची अचानक हौस आली.

पाऊस जवळ आला होता. त्या डोंगरात तो आला की भट्टीचा चिखल व्हायचा. म्हणजे ही शेवटची खेप. रखमाजी खालच्या तोंडाला बसून लाकडं सारत होता. लाकडं चिमाजीची, आणि चिमाजी वर धुराड्याशी बसून धूर बघत होता. धुराच्या प्रत्येक लोटाबरोबर त्याचा जीव जात होता.

दुपारी रखमाजीला जाणवलं, जाळ घुसमटतोय. भट्टीच्या भेगाभेगांतून काळा धूर येतोय. तो धावत वर गेला, तर धुराड्यावर एक फरशी आडवी पडलेली आणि चिमाजी शेजारी राखण करत बसलेला.

"मामा! ह्ये काय केलंसा!"

"निम्मं लाकूड आभाळात चाललंय. आभाळ काय माजा व्याही हाय, त्येला आहेर करू?"

"अवं, जाळ गुदमरला! समदं काळं पडंल!"

"मंग काढा की फरशी."

रखमाजीनं हात घातला आणि बोंबलत मागं घेतला. फरशी तापून लाल व्हायची राहिली होती. चिमाजीनं उपरण्यानं धरून बघितली, उपरणं जळालं. आता तर चिमाजीही बोंबलायला लागला, कारण उपरणं नवं होतं. फरशी तिथंच राहिली. रखमाजी डोकं धरून खाली बसला. "गेली. माजी बायकू गेली."

मागं सरपणाची मोळी टाकत रतनबाई म्हणाली, "आजून हितंच हाय. उठा, जाळ बगा."

भट्टी निवेपर्यंत रखमाजीनं जेवण घेतलं नाही, आणि चिमाजीनं जावयाच्या वाटणीचं वाया जाऊ दिलं नाही. उघडायच्या दिवशी सगळी पासली टेकाडावर. पहिली बरणी निघाली ती करडी, दुसरी तडकलेली. चिमाजीनं घसा साफ केला. रखमाजी सरपटत आत गेला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. मग ते पाय थरथरायला लागले आणि आतून हसू ऐकू आलं, की रडू, ते कळेना.

तो मागं सरकत बाहेर आला. पोटाशी बरणी होती. हिरवी. खाचरातल्या पाण्याची, ढगाखालची, तीच ती हिरवी. कोंडलेल्या धुरानंच तो रंग चढवला होता. पुस्तकात तेही लिहिलेलं होतं म्हणे. वकील त्या पानावर पेंगले होते. बरणीची मान जराशी कलती होती, शेजारणीचं गुपित ऐकायला वाकल्यासारखी. पण बूड मोकळं, कोरडं आणि गोल.

चिमाजीनं पुढं होऊन बोटाच्या पेरानं मारली. टण्ण. पुन्हा मारली. मग पाणी भरून दगडावर ठेवली आणि सगळे तिच्याभोवती बसले. दगड कोरडाच राहिला.

"माजी फरशी हुती म्हनून," चिमाजी म्हणाला. पुढं मरेपर्यंत त्यानं ती बरणी आपणच केली असं सांगितलं, आणि जळालेलं उपरणं पुरावा म्हणून दाखवलं. पण त्या दिवशी तो शब्दाला जागला. "न्या जावईबापू. पोरगी तुमची. रतन, बांद गाठोडं."

रतनबाई हलली नाही. "म्या न्हाई जायाची."

सगळी पासली दोन पावलं पुढं सरकली.

"आता का गं?" रखमाजीचा आवाज चिरकला. "बरनी झाली की!"

"झाली ना? कशानं झाली? हितल्या उतारानं, हितल्या तुसाच्या राखंनं, आबांच्या लाकडानं. भोरात काय हाय? सपाट आळी आनि साळूबाई. तितं गेलासा की परत सोनाराचा खार आनाल आनि माजी सुगडं चिकटवाल. पुढची बरनी नको व्हय कराया?"

"पन म्हंजी... म्या हितं ऱ्हाऊ? घरजावई?"

घरजावई म्हणजे आपल्याकडं काय कौतुकाचा शब्द आहे ते तुम्हाला सांगायला नको. लोक आधीच खुसखुसायला लागले होते. रखमाजीनं बायकोकडं बघितलं, भट्टीकडं बघितलं, बरणीकडं बघितलं. चिमाजीनं लाकडांच्या ढिगाकडं बघितलं आणि त्याचं तोंड कडू झालं. पण बोलणार काय? शब्द त्यानंच दिला होता.

"ऱ्हातो," रखमाजी म्हणाला. "पन फरशीचं मला इचारल्याबिगर कुनी बगायचं न्हाई."

चाक आणि आई आणायला तो भोरला आला तेव्हा बरणी काखेत होती. मालिनीबाईंनी ती आपल्या बरणीशेजारी ठेवली, डोळे बारीक करून बघितली आणि म्हणाल्या, "थोरली तोऱ्याची आहे, पण धाकटी जास्त लाघवी आहे हो." वकिलांनी दोन्हींना टिचकी मारून बघितली आणि निकाल राखून ठेवला. आळीचं बलुतं गेनूकडं गेलं. गाडीत चाक चढलं, बाळाबाई कोंबडी मांडीवर घेऊन चढली.

"रखमा," साळूबाईनं दारातून विचारलं, "तू बायकू आनाया गेला हुतास ना रं?"

"व्हय."

"मंग कुठाय ती?"

"तिनंच मला न्हेला."

मग आळीच्या बायकांनी काय करावं? सासरी निघालेल्या लेकीला भरतात तशी त्यांनी रखमाजीची ओटी भरली. साळूबाईनं खण-नारळ आणला, मालिनीबाईंनी तांदूळ घातले, कुणी हळद लावली, कुणी खोटं खोटं डोळे पुसले. "सासूचं ऐक रं बाळा!" "उलटं बोलू नगंस!" "चार दिस म्हायेराला ये!" बाळाबाई गाडीत बसून आधी सगळ्यांना शिव्या घालत होती, मग पोट धरून हसायला लागली, आणि गाडी हलली तेव्हा तिला खरोखरच रडू फुटलं. रखमाजीनं मात्र ओटी पसरून सगळं घेतलं, धोतराच्या सोग्यात नीट बांधलं, आणि सगळ्या बायकांच्या पाया पडला. साळूबाईच्या दोनदा.